पालथी बोट

दहाव्याला सिंगापुरात कावळा आला नाही. वेस्ट कोस्टला समुद्राकाठी पिंड मांडून सुमित्रा आणि तिची मुलगी अरुणा उन्हात उभ्या होत्या.

"बाबा, आईला मी सांभाळीन," अरुणा म्हणाली. कावळा नाही.

शेवटी सुमित्रा पुटपुटली, "अहो, तो ज्वालामुखी दाखवून आणते तुम्हाला." तशी एक साळुंकी आली आणि भाताला चोच मारून उडाली.

"झालं की," गुरुजी म्हणाले. "इथे चालतं. मनाला पटत नसेल तर दर्भाचा कावळा करू."

"गवताचा कसला कावळा?" सुमित्रा म्हणाली. "खरा शिवेपर्यंत मी अन्नाला शिवायची नाही."

तिचे यजमान शशिकांत जहाजावर इंजिनियर होते. जावाचे धुमसणारे डोंगर त्यांनी जन्मभर समुद्रातूनच पाहिले. निवृत्तीनंतर लेकीच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटवर आले, तेव्हा तिने ज्वालामुखी पाहायला जावातल्या बांडुंगची तीन तिकिटं काढली. त्यातलं एक वाया गेलं.

चहा-दुधावर आई अर्धी झाली होती. बांडुंगमध्ये डचांच्या जुन्या इमारतींसमोरून टॅक्सी जाताना म्हणाली, "आपल्या फोर्टसारखंच आहे गं. ह्यांना आवडलं असतं." हॉटेलातून मागून घेतलेल्या भाताचा पिंड मांडीवरच्या डब्यात होता. डोंगराच्या नावाचा अर्थ पालथी बोट, असं ड्रायव्हरने सांगितलं, तेव्हा तिने डब्यावरची पकड घट्ट केली.

वर गंधकाचा उग्र वास होता. राखाडी विवरातून वाफ उसळत होती, कडेची झुडपं करपून काळी पडली होती. पाखराचं नाव नव्हतं. आईने पानावर पिंड ठेवला आणि हात जोडले.

"अहो, आणलं ना इथवर? आता काय राहिलं?"

वाफ दाट झाली. रखवालदार शिट्ट्या फुंकत माणसांना खाली पिटाळू लागला. आईने वाकून वाळकं गवत उपटलं, गाठी मारल्या आणि ती जुडी अरुणापुढे धरली.

"शिवव."

"आई, तूच नको म्हणाली होतीस ना?"

"शिवव म्हटलं ना!"

अरुणाने गवत भाताला टेकवलं. तिचे डोळे चुरचुरत होते.

शहरात परतल्यावर दोघी एका जुन्या डच बंगल्यातल्या हॉटेलात शिरल्या. आईने स्वतःहून भात मागवला. पहिला घास कालवून तिने ताटाच्या कडेला ठेवला, मग ती खिडकीबाहेर पाहत राहिली. भात निवत गेला.

"आई, जेव ना गं."

"येईल," आई म्हणाली. "तू जेव."