टाकू का, ताई?

१९७८ साल होतं. नोव्हेंबरातल्या एका सकाळी रेशीमबागेच्या मैदानावर विदर्भाच्या ज्युनिअर मुलींचा सॉफ्टबॉल संघ निवडला जात होता. हा खेळ काय असतो, हे तेव्हा अर्ध्या नागपूरला ठाऊक नव्हतं. सायकलवरून जाणारे थांबून विचारत, "क्रिकेटच ना हे? मग स्टंपा कुठं गेल्या?" निवड समितीतल्या शामलाताई एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. पिचर हात गोल फिरवून कमरेखालून चेंडू टाकते आणि बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून तो झेलते ती कॅचर, हे सांगून सांगून त्या थकल्या होत्या.

दुसऱ्या पिचरची तेवढी एक जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोघी होत्या. नागपूरच्या लतिकाचे चेंडू पोस्टानं पाठवल्यासारखे नेमक्या पत्त्यावर पोचत. दुसरी उमरेडची गोपिका, उंच, सडपातळ, लांब हातांची. पुढच्या वर्षी तिचं वय ज्युनिअरात बसणार नव्हतं, आणि मोठ्या मुलींचा संघ उमरेडात नव्हताच. आज राहिली तर कायमची राहणार होती.

तिच्या खेळाच्या शिक्षिका इंदुताई तिला घेऊन आल्या होत्या. शाळेची कॅचर काविळीनं झोपलेली, म्हणून त्या स्वतःच पदर खोचून मागे बसल्या. तोंडावर घालायची जाळी चष्म्यावर बसेना, ती त्यांनी बाजूला ठेवून दिली.

गोपिकानं हात फिरवला. फिरवणं असं देखणं की शामलाताई खुर्चीच्या टोकाला सरकल्या. पण चेंडू आला तो लाडूसारखा. दुसराही तसाच आणि तिसराही.

"हात छान आहे, चेंडूत जीव नाही," कृष्णकांतराव म्हणाले. ते जुने क्रिकेटवाले, समितीतले दुसरे. "लतिका लिहा आणि चला, चहा घेऊ."

कडुनिंबाखाली गोपिकाचे वडील मारोतराव बसले होते. त्यांना राहवेना. "साहेब, घरी तं भिंतीचे पोपडे काढते ना ही पोट्टी! माय रोज शिव्या देते. इथं काय झालं हिले, समजून नाही राहिलं."

"बापाला सगळंच जोरात दिसतं," कृष्णकांतराव हसले.

शामलाताई मात्र उठून पिचरच्या जागेजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तिथून ऐकू आलं. प्रत्येक चेंडूआधी गोपिका हळूच म्हणत होती, "टाकू का, ताई?" आणि समोरून इंदुताई मान हलवत होत्या.

"घरी कोणाला टाकतेस गं?"

"भिंतीले."

"भिंतीला विचारतेस, टाकू का म्हणून?"

गोपिकानं मान खाली घातली. "ताई मोठ्या आहेत ना. त्यांच्या तोंडाकडं पाहून कसं फेकू? दगड मारल्यावानी वाटते."

शामलाताईंना हसू आलं. त्या जाऊन इंदुताईंच्या कानाशी लागल्या. इंदुताईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढून शामलाताईंच्या हातात दिला आणि जाळी चढवली.

"दिसेल का तुम्हाला?" शामलाताईंनी विचारलं.

"धुरकट दिसन. भिंतीले कुठं डोळे असतात?" मग त्या मैदानभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "गोपिके, इथं कोणी ताई नाही वं! मी भिंत आहो! टाक!"

हात फिरला. या खेपेला चेंडू दिसलाच नाही. फाट्‌ असा आवाज आला आणि इंदुताई पाठीवर पडल्या. गोपिका रडवेली होऊन धावत सुटली, बहुधा पाया पडायला.

"थांब तिकडेच!" जाळीतून आवाज आला. "भिंत पडत नसते. पुढचा टाक!"

पुढचे पाच तसेच आले. दोन तर डोक्यावरून गेले.

"दिशा नाही," कृष्णकांतराव म्हणाले, पण चहाचं विसरले होते.

शामलाताईंनी यादी पुढे ओढली. लतिका आज नक्कीच बरी होती. पण लतिकाचं अजून एक वर्ष शिल्लक होतं. "दिशा शिकवता येते," त्या म्हणाल्या आणि गोपिकाचं नाव लिहिलं.

राष्ट्रीय स्पर्धेत पहिली मॅच गोपिकाच्या भरकटलेल्या चेंडूंनीच घालवली. शामलाताईंना परत आल्यावर बोलणी खावी लागली. दुसऱ्या मॅचला मात्र समोरच्यांना तिचा चेंडू बॅटीलाच लागेना.

लतिका पुढल्या वर्षी संघात आली आणि पुढे बँकेत लागली. कृष्णकांतराव शेवटपर्यंत सांगत राहिले की गोपिकाला पहिलं त्यांनीच हेरलं. शामलाताईंनी ते कधी खोडलं नाही. मारोतरावांनी ती पोपडे निघालेली भिंत मरेपर्यंत कोणाला लिंपू दिली नाही.

इंदुताईंचं बोट त्या दिवशी मोडलं होतं. धंतोलीतल्या डॉक्टरनं बांधलं, पण वाकडंच जुळलं. त्या बोटानं त्यांनी "तिकडे पळा" म्हटलं की मुली भलतीकडेच पळत.

गोपिका उमरेडलाच खेळाची शिक्षिका झाली. ती इंदुताईंकडे जाई तेव्हा दार उघडं असलं तरी उंबऱ्याबाहेर थांबून विचारी, "येऊ का, ताई?"

"ये वं," आतून आवाज येई. "हळू ये."