बाटल्यांमागचं लोणी

दुकानातल्या फ्रीजच्या सगळ्यात खालच्या फळीसमोर निम्मेताई गुडघ्यांवर बसल्या होत्या. गुडघे कुरकुरत होते, पण इलाज नव्हता. खालच्या फळीपर्यंत कोणी वाकत नाही, हाच तर त्या फळीचा गुण. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, ज्यूसच्या मोठ्या बाटल्या जरा बाजूला सारल्या आणि लोण्याची दोन पाकिटं त्यांच्या मागे पार आत टेकवून ठेवली. बाटल्या पुन्हा पुढे ओढल्या. उठताना एका अनोळखी बाईनं हात दिला.

"काही पडलं का, मावशी?"

"नाही हो. तारीख वाचत होते. डोळ्यांना दिसत नाही आताशा."

डोळे त्यांचे उत्तम होते. सुईत दोरा त्या पहिल्या झटक्यात ओवत.

या दुकानात मुदत संपायच्या दिवशी मालावर पिवळी चिठ्ठी लागायची आणि किंमत निम्मी व्हायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तोपर्यंत माल फळीवर उरत नसे. निम्मेताईंनी त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. मुदत जवळ आलेलं पाकीट लपवायचं. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत येऊन ते परत पुढे मांडायचं. दुपारी चिठ्ठी लावणारी मुलगी चिठ्ठी लावून जायची आणि संध्याकाळी कामावरून सुटल्यावर निम्मेताई राजरोस पैसे देऊन ते घरी न्यायच्या. ही चोरी नव्हती. पैसे मोजलेले होते. थोडा धीर धरला म्हणून कोणी गुन्हेगार होतं का? असं त्या स्वतःला विचारायच्या, आणि उत्तरही स्वतःच द्यायच्या.

निम्मेताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. समोरच्या हॉस्पिटलात चादरी-पडदे शिवण्याच्या खोलीत त्या कामाला होत्या, आणि तिथल्या बायकांनी हे नाव पाडलं होतं. चहा निम्मा कप. साबणाची वडी चिरून निम्मी. टूथपेस्टची नळी संपली की कात्रीनं मधोमध कापून आणखी आठवडा. चेष्टा झाली तरी त्यांना राग यायचा नाही. आपलं अंथरूण पाहून पाय पसरावे, हे चादरी शिवणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको. चादर मधोमध झिजली की त्या ती उभी फाडायच्या, बाहेरच्या धडक्या कडा आत आणून जोडायच्या आणि झिजलेला भाग दोन्ही बाजूंना गादीखाली घालवायच्या. पेशंटला मधली शिवण जरा टोचते, पण चादर आणखी दोन वर्षं जाते. घरही त्यांनी असंच चालवलं होतं. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर, पगार बेताचा, आणि एक लेक. ती शिकली, पदवीधर झाली, आणि वर्षभर घरी बसल्यावर तिला नोकरी लागली ती नेमकी याच दुकानात.

फ्रीजचा विभाग तिच्याकडे होता. अजून कायम नव्हती. सुपरवायझरचं समाधान झालं तर कायम करणार होते. पहिल्याच दिवशी सकाळी केस विंचरता विंचरता लेक म्हणाली होती, "आई, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग की."

"माझ्या दुकानात आलीस तर ओळख दाखवू नकोस. म्हणजे, तू पिशवीच्या पैशांवरून भांडतेस, वजन दोनदा करायला लावतेस... तिथं सगळे नवे आहेत गं मला."

निम्मेताई हसल्या होत्या. "बरं बाई. मी तुझी कोणी नाही." हसल्या खऱ्या, पण त्या दिवशी हॉस्पिटलात त्यांनी एका उशीच्या अभ्र्याचं तोंडच शिवून टाकलं.

तरी शब्द त्यांनी पाळला. एकदा दोघी दुकानात समोरासमोर आल्या. लेकीच्या अंगात निळा कोट, हातात चिठ्ठ्यांचं यंत्र. निम्मेताईंनी परक्यासारखं विचारलं, "मुली, मीठ कुठे?" आणि लेकीनंही हात करून दाखवलं. रात्री जेवताना दोघी त्यावर पोट धरून हसल्या. आपण लपवतो त्याच फळ्या आता लेक आवरते, हे निम्मेताईंच्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय अशी एका विचारानं सुटत नाही, आणि लोणी नवऱ्याला आवडायचं.

लोण्याची मुदत संपायच्या दिवशी हॉस्पिटलात तपासणीची गडबड उडाली. वरचे साहेब येणार म्हणून सगळ्या वॉर्डांतल्या चादरी बदलायच्या निघाल्या. फाटक्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे शिवणखोलीत येऊन पडले. जेवणाची सुट्टी गेली, संध्याकाळही गेली. घरी जाताना दुकान बंद झालेलं होतं. 'जाऊ दे, दोन पाकिटं गेली,' असं म्हणून निम्मेताईंनी हळहळ गिळली. त्यांना वाटलं, नुकसान झालं ते आपलंच.

दुसऱ्या दिवशी लेक घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. तिचा चेहरा बघून वडिलांनी रेडिओ बंद केला.

"काय गं? काय झालं?"

"एका आजोबांनी ज्यूसची बाटली काढली. मागे लोणी सापडलं, काल मुदत संपलेलं. त्यांनी तारीख न बघता नेलं, पैसे घेणारीनंही नाही बघितलं. घरी जाऊन बघितलं आणि परत आले भांडायला. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, बाबा! 'आजारी माणसाला विष घालता का' म्हणे." तिनं डोळे पुसले. "सर म्हणाले, जुना माल पुढे काढायचा सोडून मागे ढकलतेस, आळशी आहेस. मी म्हटलं, मी रोज काढते, हे कोणीतरी मुद्दाम लपवलंय. तर म्हणाले, बहाणे नकोत. उद्या दुपारी सांगतो तुझं काय करायचं ते."

"पण लपवेल कोण? आणि कशाला?" वडिलांना खरंच कळेना.

"असतात की! पिवळ्या चिठ्ठीसाठी. कोणीतरी चिंधीचोर बाई असणार. सापडू दे एकदा."

निम्मेताई भाजी चिरत होत्या. सुरी थांबली. मान वर करायची त्यांची हिंमत झाली नाही. कान तापले, मग सगळं तोंड. आयुष्यात त्यांना लोक चिक्कू म्हणाले होते, कवडीचुंबक म्हणाले होते, ते त्यांनी पदकासारखं मिरवलं होतं. हा शब्द मात्र लेकीनं उच्चारला होता, आणि कोणाला उद्देशून ते तिला माहीतही नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. 'मीच गं ती' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. तोंडातून निघालं ते भलतंच.

"हातपाय धू. जेवून घे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शिवणखोलीत हशा पिकला. "निम्मेताई रजासुद्धा निम्मीच घेणार!" आज त्यांना हसू आलं नाही.

दुकानात सुपरवायझर फ्रीजपाशीच उभे होते, आणि त्यांच्या समोर लेक, मान खाली घातलेली. गिऱ्हाइकं होती. निम्मेताईंनी कोपरा शोधला नाही. कोपरा शोधला असता तर बोलणं झालंच नसतं.

"साहेब, ते लोणी मी लपवलं होतं."

सुपरवायझरनी वळून पाहिलं. तरुण माणूस, दमलेला. "काय म्हणालात?"

"लोणी. बाटल्यांच्या मागे. निम्म्या किमतीत मिळावं म्हणून लपवते मी. खूप दिवसांपासून. परवा काढायला यायला जमलं नाही. या मुलीचा दोष नाही."

लेकीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना निम्मेताईंना दिसला, आणि मग त्यांनी तिकडे बघायचं सोडून दिलं.

"आणि हे तुम्ही आपणहून सांगायला आलात? कशासाठी? हिची कोण तुम्ही?"

लेकीचे ओठ उघडले. निम्मेताईंनी तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, पाहुण्यांसमोर ती लहानपणी काही बोलायला निघाली की पाहायच्या तसं. लेकीचे ओठ मिटले.

"कोणी नाही. गिऱ्हाईक आहे मी. काल दुकानात कोणाला तरी बोलणी बसली असं कानावर आलं."

"तुमच्या वयाला शोभतं का हे?"

"नाही शोभत."

"आणखी काय काय नेता अशा युक्तीनं? पिशवी दाखवा." मग एकदम त्यांना ते आपल्या हातानं करायला प्रशस्त वाटेना. ते लेकीला म्हणाले, "तू बघ. बाईमाणसाची पिशवी आहे."

लेकीनं पिशवी घेतली. आत धुऊन वाळवून घडी घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. कागदात गुंडाळलेला साबणाचा तुकडा. ब्रेडचा कडेचा तुकडा, दुपारच्या जेवणाचा. आणि एक पत्र्याची कंपासपेटी, कोपरे चेपलेली, झाकणावर कर्कटकाच्या टोकानं कोरलेलं वेडंवाकडं फूल. ते फूल शाळेत असताना लेकीनंच कोरलं होतं. पेटी जुनी झाली म्हणून तिनं ती टाकून दिली होती. तिनं झाकण उघडलं. सुया, दोरे, बटणं.

"काय आहे त्यात?" सुपरवायझरनी विचारलं.

"सुईदोरा आहे, सर." तिनं झाकण लावलं. "यांच्या पिशवीत आपल्या दुकानातलं काही नाही."

एक गिऱ्हाईक दुसऱ्याला म्हणालं, "बघा, कशी कशी माणसं असतात." निम्मेताईंनी ते ऐकलं. ऐकायलाच आल्या होत्या त्या.

सुपरवायझर काही दुष्ट नव्हते. पोलिसांचं नाव त्यांनी काढलं नाही. "पुन्हा या दुकानात पाऊल टाकू नका," एवढंच म्हणाले, आणि लेकीला म्हणाले, "काल मी जास्त बोललो तुला. यांना दारापर्यंत सोडून ये आणि कामाला लाग."

दोघी चालू लागल्या. पुढे निम्मेताई, मागे लेक. साबणं, चहा, बिस्किटं, सगळे ओळखीचे कप्पे मागे पडले. लेकीनं काचेचं दार उघडून धरलं. जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जे म्हणायचं तिला शिकवलं होतं, ते सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं.

"पुन्हा या."

दोघींनाही ते ऐकू आलं. निम्मेताईंनी मान हलवली आणि पायऱ्या उतरल्या.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा त्या ब्रेड भाजत होत्या. घरात मागच्या आठवड्यातलं लोणी अजून थोडं शिल्लक होतं. लेक आली, हातपाय धुतले, टेबलाशी बसली. नवरा वाटच बघत होता.

"काय झालं गं? ठेवलं ना कामावर?"

"ठेवलं."

"मी म्हणत होतो! आणि ती बाई? सापडली?"

"सापडली म्हणे," निम्मेताई शेगडीकडे तोंड करूनच म्हणाल्या.

"अस्सं? कशी होती?" नवऱ्यानं उत्सुकतेनं ब्रेडवर लोणी लावायला घेतलं.

लेकीनं ताटली जवळ ओढली. म्हणाली, "साधीच होती, बाबा. आपल्यासारखी."

"लाज नाही वाटली तिला?"

"तिला वाटली." लेकीचा आवाज फाटला. "मला वाटायला हवी होती, ती मात्र नंतर वाटली. बाई गेल्यावर."

नवऱ्याचा हात ब्रेडवर थांबला. त्यानं लेकीकडे पाहिलं, बायकोच्या पाठीकडे पाहिलं, आणि मग समोरच्या लोण्याच्या पाकिटाकडे. पाकिटावर पिवळी चिठ्ठी होती. तो पंपावरचा माणूस, कुठे गळतंय ते त्याला आवाजावरून कळायचं. त्यानं उरलेलं लोणी ब्रेडवर हळूहळू पसरलं, अगदी कडेपर्यंत, आणि तो तुकडा बायकोच्या ताटलीत ठेवला.

"खाऊन घे अगं, गरम आहे तोवर," एवढंच तो म्हणाला.

त्यांनी खाल्लं. उभ्यानंच खाल्लं, कारण बसल्या असत्या तर लेकीच्या समोर बसावं लागलं असतं. लेक उठून जवळ आली, "आई," म्हणाली. निम्मेताईंनी तिच्या खांद्यावरून हात फिरवला. "कोट काढ आधी. चुरगळेल," म्हणाल्या.

सगळं आवरल्यावर रिकामं पाकीट त्यांच्या हातात राहिलं. असली पाकिटं त्या धुऊन ठेवत, सुया गुंडाळायला बरी पडतात. आजही त्यांनी ते नळाखाली धरलं. पण पिवळी चिठ्ठी घरात नको होती. त्यांनी तिचा कोपरा नखानं खरवडला. निघेना. दुसरा कोपरा पाहिला. तोही निघेना. आधीच्या मुली चिठ्ठी कशीही चिकटवायच्या, वाकडी, कडा सुटलेल्या, बोट लावलं की हातात यायची. ही चिठ्ठी सरळ रेषेत होती, आणि चारही कोपरे अंगठ्यानं घट्ट दाबून बसवले होते.

कामाला चोख होती लेक. निम्मेताईंनी नळ बंद केला, पाकीट पुसलं आणि चिठ्ठीसकट घडी घालून कंपासपेटीत ठेवून दिलं.