मोठेच घ्या

माधवीचा कान तयार आहे, हे त्या घरात केव्हाचं ठरून गेलं होतं. लग्नाआधी ती बरीच वर्षं गाणं शिकली होती. पुढे शाळेत नोकरी लागल्यावर मुलांच्या प्रार्थना बसवायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. घरातला मिक्सर बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदललाय, हेही तिलाच कळायचं. तिचा नवरा आनंद विमा कंपनीच्या ऑफिसात होता आणि त्याला जुन्या स्पीकरांचं वेड होतं. "आपल्याला काय कळतंय? कान माधवीचा," असं तो चारचौघांत सांगायचा. नवऱ्याने चारचौघांत असं मानलेलं कुठल्या बाईला आवडत नाही? माधवीलाही आवडायचं.

म्हणून यंदाच्या थंडीत आनंदने मोठ्या हौसेने स्पीकर घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा ऐकायला तो तिला बरोबर घेऊन गेला.

पहिली जोडी खासबागेत शामूच्या दुकानात होती. शामू जुने अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. आनंदचं आणि त्याचं चांगलं जमायचं. जोडी छोटी होती, एकेक स्पीकर काखेत मारून नेता येईल अशी. टिळकवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये टीव्हीच्या दोन बाजूंना सहज बसली असती. शामूने एक ठुमरी लावली. गाणाऱ्या बाईने मध्येच श्वास घेतला तोही ऐकू आला, इतकं स्वच्छ. माधवीला ते स्पीकर पहिल्या ओळीलाच आवडले.

आनंद तिच्या तोंडाकडे बघत होता. "कसे आहेत?"

"सर्दी झाल्यासारखा आवाज आहे," माधवी म्हणाली.

शामू उडालाच. "वैनी, सर्दी? अवो, ह्येच्यापेक्षा साफ काय वाजायचं?"

आनंदने मात्र वाद घातला नाही. रिमोट शामूच्या हातात परत दिला आणि म्हणाला, "मग निपाणीची मोठी जोडी बघू या."

माधवी धडधडीत खोटं बोलली होती, आणि ती काही ऊठसूट खोटं बोलणारी बाई नव्हती. याचं कारण त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली. त्या खोलीत तिच्या सासूबाई, अंबुबाई, सव्वा वर्ष अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं माधवीने केलं. शाळा सांभाळून केलं, तोंड वाकडं न करता केलं. पाहुण्यांत तिचं नाव झालं. गेल्या श्रावणात त्या गेल्या, आणि बाराव्याला सगळ्या भावकीच्या देखत आनंद म्हणाला, "आप्पा आता आमच्याकडंच राहणार. गुढीपाडवा झाला की मी घेऊन जातो." सगळ्यांनी माधवीकडे बघितलं. माधवीने मान डोलावली. समोर पानं मांडलेली असताना माणूस दुसरं काय करणार?

आप्पा म्हणजे तिचे सासरे, मष्णू. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, बोरगावात आता एकटेच. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. आप्पा वाढलेलं निमूट खायचे, कशाला नावं ठेवायचे नाहीत. पहाटे उठून मशेरी लावायचे, त्या जळक्या तंबाखूचा वास घरभर व्हायचा, आणि मग बराच वेळ घसा खाकरायचे. तक्रार करायची म्हटली तर एवढीच. पण माधवीला आता कुणाचंच काही करायचं नव्हतं. मुलगी स्वराली पुण्याला शिकायला गेलेली. शाळेतून घरी आल्यावर आतून कुणी हाक मारत नाही, हे सुख तिला इतक्या वर्षांनी मिळालं होतं आणि ते तिला सोडवत नव्हतं. तसं सरळ बोलायची तिची छाती होत नव्हती. बोलायचं तर सोडाच, असं आपल्याला वाटतं याचीच तिला भयंकर लाज वाटायची.

निपाणीत तंबाखूच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या मुलाने वखार मोडीत काढली होती. तिथल्या माडीवर वडिलांनी हौसेने आणलेले स्पीकर तसेच उभे होते. जमिनीवर ठेवायचे, माणसाच्या छातीला लागतील एवढे, अक्रोडाच्या लाकडाचे, आत पंधरा इंची वूफर. एक हलवायचा तर दोघं लागायचे. आनंद त्यांच्यासमोर उभा राहिला तो हरवूनच गेला. शामूही सोबत आला होता, आनंदचा घरचा छोटा अॅम्प्लिफायर घेऊन. त्याने तारा जोडल्या, गाणं लावलं. हळू होतं तोवर छान वाजलं. आवाज वाढवला तसा तो फाटायला लागला.

"ह्यो दम धरत न्हाय," शामूने आवाज लगेच खाली आणला. "स्पीकर मोठा आनि अॅम्प बारका असला की अॅम्प धापा टाकतो. तुमास्नी वाटंल, कमी पावर हाय, काय धोका न्हाय. पन उलटंच असतंय. असला फाटका आवाज गेला की वरचा बारीक आवाजाचा ट्वीटर जळतोय. ह्यास्नी शंभर-दीडशे वॅट तरी पायजे. मग हळू लावा न्हायतर मोठ्यानं, काय हुईत न्हाय."

"माझ्या एका वळखीच्याकडं हाय तसला. लई जड हाय बगा," तो पुढे म्हणाला.

आनंद स्पीकरच्या चारी बाजूंनी फिरला. मग माधवीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "हॉलमध्ये नाही मावायचे हे. मागच्या खोलीतच ठेवावे लागतील. तिथंही भिंतीला चिकटवून चालत नाहीत, आवाज घुमतो. चांगले पुढे घ्यायचे, समोर खुर्ची. मग खाट नाही बसत." तो थांबला. "आप्पांचं काय करायचं?"

"हॉलमध्ये दिवाण आहे की," माधवी म्हणाली. "आयुष्यात एकदा घेताय, तर मोठेच घ्या. अॅम्प्लिफायरही लागेल तेवढा मोठा घ्या."

आता तो नको म्हणेल, सत्तरी उलटलेला माणूस येता-जाता लोकांच्या पायांत कसा झोपेल असं म्हणेल, आणि मग आपण बरं म्हणू, अशी तिने वाट बघितली. तिला तसं अगदी मनापासून वाटलं. आनंदने लाकडावरची धूळ हाताने पुसली.

"खरंच म्हणतेस?"

"खरंच."

"बघ हां," तो म्हणाला आणि शामूला हाक मारायला वळला.

मग काय, आनंदला आभाळ ठेंगणं झालं. ऑफिसात, सोसायटीत, फोनवर स्वरालीला, जो भेटेल त्याला तो सांगत सुटला, की इतरांच्या बायका असल्या सामानाच्या नावाने बोटं मोडतात आणि आमची म्हणते मोठेच घ्या. सोसायटीतल्या बायका माधवीकडे कौतुकाने बघायच्या. माधवी हसून वेळ मारून न्यायची आणि घरी येऊन विनाकारण भांडी आपटायची.

सामान न्यायच्या दिवशी टेम्पो आप्पांनीच ठरवून दिला, त्यांच्या ओळखीच्या यल्लाप्पाचा. आणि स्वतः बोरगावहून बसने निपाणीला आले, खांद्यावर भलंमोठं गाठोडं घेऊन. गाठोड्यात वाकळा होत्या.

"लाकडाला चरा पडायचा, म्हनून आनल्या," म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक स्पीकर वाकळेत गुंडाळला आणि यल्लाप्पाकडून दोरी आवळून घेतली.

"कुणाच्या हो वाकळा, आप्पा?" माधवीने विचारलं.

"आंबूनं शिवल्याल्या. माज्या अंथरुनातल्या हाईत. न्हायतरी पाडव्याला घिऊनच येनार हुतो, त्या आज फुडं जाऊ देत."

माधवीला तोंड कुठे लपवावं कळेना. एवढे मोठे खोके कुठल्या खोलीत जाणार, हे म्हाताऱ्याने विचारलंसुद्धा नाही. टेम्पोच्या मागून गाडीने येताना समोर त्या वाकळा दिसत होत्या. त्यांत तिच्या स्वतःच्या दोन जुन्या साड्या तिला ओळखू आल्या. आनंद गाणं गुणगुणत गाडी चालवत होता. गाडी थांबवा, असं म्हणायला तिला संकेश्वर, हत्तरगी, काकती अशी गावंच्या गावं होती. ती बोलली नाही.

घरी आल्यावर वाकळांच्या घड्या घालून तिने त्या माळ्यावर ठेवल्या. नवा अॅम्प्लिफायर आला. तो दोघांनी धरून आत नेला. आनंदने तारा जोडल्या, तिला खुर्चीत बसवलं आणि सतार लावली. आवाज न फाटता, न ओरडता सगळ्या खोलीत भरून राहिला. तबल्याचा डग्गा तर पोटात वाजल्यासारखा वाटला. असं काही तिने आजवर ऐकलं नव्हतं. त्या खुर्चीत बसून तिला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. पाप करावं आणि वर त्याची मजाही यावी, हे तिला सोसेना. त्यानंतर दोनदा तिने विषय काढायचा प्रयत्न केला. "अहो, आप्पांच्या खाटेचं..." एवढं म्हणाली की आनंद म्हणायचा, "हे ऐक आधी," आणि दुसरं काहीतरी लावायचा.

पाडवा झाला आणि आनंद आप्पांना घेऊन आला. एक पिशवी, एक पत्र्याची ट्रंक. आप्पा मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. ज्या कोपऱ्यात त्यांच्या बायकोची खाट होती तिथे डाव्या बाजूचा स्पीकर उभा होता.

"झ्याक बसल्यात," आप्पा म्हणाले.

आनंदने त्यांच्यासाठी अभंग लावला. आप्पा खुर्चीत अवघडून बसले, हात मांडीवर ठेवून, शेवटपर्यंत. मग बाहेर येऊन दिवाणावर टेकले आणि ट्रंक कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. शेवटी चपलांच्या स्टँडजवळ ठेवली. दोन दिवस ते तिथेच झोपले. पहाटेची मशेरी खाली, सोसायटीच्या गेटबाहेर जाऊन लावून यायचे. माधवीला आता मशेरीचा वास येत नव्हता. तो यावा, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. "जातो म्या. शेजारच्या मंगलकडं म्हस सोडून आलोय. ती दुसऱ्याच्या हाताला दूध दीत न्हाय."

"राहा की आप्पा," आनंद म्हणाला. एकदाच म्हणाला, आणि ऑफिसला निघून गेला.

माधवी त्यांना स्कूटरवरून स्टँडवर घेऊन गेली. निपाणीची बस लागली होती. आप्पांनी ट्रंक तिच्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि तिच्याकडे बघितलं.

"एक बोलू का पोरी? राग धरू नगंस."

"बोला की, आप्पा."

"येवडं मोठं सामान आनायचं काय कारन न्हवतं बग. आप्पा, मला न्हाय जमायचं, असं नुसतं म्हनली असतीस, तरी म्या आलो नसतो."

माधवीने ट्रंकेची कडी धरली. "तसं नाही आप्पा... चला, घरी चला. आजच्या आज काढून टाकते मी सगळं."

"नगं. हौसंनं आनलंय त्येनं, वाजू दे." आप्पांचा आवाज जराही चढला नव्हता. "तू आंबूचं केलंस. पोटच्या पोरीनं केलं नसतं तसं केलंस, म्या बगितलंय. दमली असशील. गावात म्या सांगतो, सून ऱ्हा म्हनत हुती, मलाच करमलं न्हाय. तुला कोन नाव ठेवनार न्हाय."

कंडक्टर "निप्पाणी, निप्पाणी" ओरडत होता. आप्पा चढले. बस सुटेपर्यंत माधवी खिडकीखाली उभी होती आणि पदराने डोळे पुसत होती. शेजारच्या एका बाईने तिला विचारलं, वडील का?

ती शाळेला गेली नाही. संध्याकाळी आनंद आला, चहा घेतला आणि मागच्या खोलीत जाऊन त्याने गाणं लावलं. माधवी आत गेली आणि तिने स्वतःच बटण दाबून ते बंद केलं.

"मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. "शामूचे छोटे स्पीकर उत्तम होते. ही खोली भरून जावी, आप्पांना इथं जागा राहू नये, म्हणून मी तुम्हाला मोठे घ्यायला लावले. आप्पांनी ते ओळखलं. मला तोंडावर सांगून गेले ते."

आपला नवरा आता चिडेल, दोन शब्द बोलेल, आणि तो बोलला तर फार बरं होईल, असं तिला वाटत होतं. आनंद खुर्चीतच बसून राहिला. तो तिच्याकडे न बघता बोलला.

"शामूचे चांगले होते, ते मलाही ऐकू आलं होतं."

"मग? तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो असतो तर आप्पा राहिले असते."