माहेरचं लुगडं

केदारखेड्याहून निरोप आला तेव्हा सगुणाबाई ज्वारी निवडत होती. लेक नंदा सासरी काविळीनं गेली. सगुणाबाईनं सूप खाली ठेवलं नाही, उरलेली ज्वारीही निवडून काढली. रडू यायला हवं होतं, पण आलं नाही.

बारा वर्षांपूर्वी जालन्यात कापसाच्या जिनिंगच्या कामावर नंदाचं अप्पारावशी जमलं. तो बौद्ध, ही हिंदू. लग्न विहारात झालं आणि इकडून कुत्रंही फिरकलं नाही. घरात पाटीलकीचा पत्ता नव्हता. नंदाचा भाऊ बद्रीनाथ सळईच्या भट्टीवर घाम गाळणारा. पण ताठा असा, की पाटलानं शिकवणी लावावी.

तरी रिवाज त्यालाही मोडवेना. सवाष्ण गेली की माहेरचं हिरवं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत.

"जा," तो आईला म्हणाला. "पर आई म्हून न्हाई, शेजारीण म्हून जा. माझ्या पोरीची सोयरीक जमून राह्यली. बोभाटा नको."

मेल्यावर वैर संपतं म्हणतात. या पठ्ठ्यानं मेलेल्या बहिणीलाही अट घातली, आणि सगुणाबाईनं मान हलवली. जन्मभर तिनं दुसरं केलं तरी काय होतं?

केदारखेड्यात नंदा दारापुढं निजवलेली होती, पांढऱ्या साडीत. अप्पारावच्या आईनं, गिरिजाबाईनं, सगुणाबाईला कधी पाहिलेलं नव्हतं.

"कुठून आल्या, बाई?"

"जालन्याहून. नंदाच्या माहेरची शेजारीण. तिच्या घरून लुगडं धाडलंय."

गिरिजाबाईनं घडीवरून हात फिरवला. "आमच्यात पांढरंच घालतेत. पर ती म्हनायची, माझ्या आईचं लुगडं येईन. सकाळधरनं थांबून राह्यलो." मग तिनं ते परत सगुणाबाईच्याच हातात दिलं. "तिकडचं दुसरं कोनी न्हाई. तुमीच घाला."

सगुणाबाईनं पांढऱ्यावर हिरवं पांघरलं, पदर नंदाच्या डोक्यावरून घेतला. पोरीच्या कानामागं दोन केस पिकले होते. हे कधी झालं, कुणाला विचारायची सोय नव्हती. हात जरासुद्धा कापले नाहीत, आणि त्याचाच तिला राग आला.

नंदाची पोर, अकरा वर्षांची बेबीनंदा, उशाशी बसलेली होती. तिनं मान वर केली.

"माझी आजी आली न्हाई का?"

सगुणाबाईनं लुगड्याची एक चुणी सरळ केली.

"न्हाई, बाय," ती म्हणाली. "तिला जमलं न्हाई."