नळ्या शेजारी की वर-खाली

आमच्या अण्णांचं म्हणणं असं, की जोडी म्हटली की ती शेजारी शेजारीच असते. मग ती बैलांची असो, नवरा-बायकोची असो, नाहीतर बंदुकीच्या नळ्यांची असो. "एक बैल दुसऱ्याच्या डोक्यावर उभा क्येलेला बगितलास का कंदी?" असं ते मला जेवताना विचारत, आणि आई वाढता वाढता तोंडाला पदर लावून हसत असे. मला अजिबात हसू येत नसे. मला माझी बंदूक हवी होती.

मी ट्रॅप खेळते. समोरच्या खंदकातून मातीची एक केशरी चकती सुसाट निघते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि ती खाली पडायच्या आत हवेतच फोडायची. एका चकतीला दोन बार मिळतात, म्हणून बंदुकीला नळ्या दोन. त्या एकीवर एक असल्या की डोळ्यासमोर एकच बारीक सरळ पट्टी राहते आणि धक्काही सरळ खांद्यात येतो. शेजारी शेजारी असल्या की नाकासमोर कुणी पाट धरल्यासारखं होतं. हे मी अण्णांना ताटात दोन शेवग्याच्या शेंगा ठेवून समजावलं होतं. त्यांनी दोन्ही शेंगा खाल्ल्या आणि म्हणाले, "पन जोडी शेजारीच हवी."

मी तीन वर्षं आमच्या नियाज सरांच्या जुन्या बंदुकीवर शिकले. सर उरणचे, सहा फुटांचे. त्यांच्या बंदुकीचा दस्ता त्यांच्या हाताच्या मापाचा, आणि मी तर टाचा उचलूनच फळीवरचा डबा काढते. गेल्या वर्षी राज्याच्या संघातून माझं नाव एका चकतीनं गेलं. एका. त्या रात्री मी घरी कुणाशी बोलले नाही, भाकरीशीसुद्धा. या वर्षी परवाना हातात आला, स्पर्धा पुढच्या महिन्यात होती, आणि अण्णा बंदूक घेऊन द्यायला तयार होते. पण बंदूक आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू. चुकीची आली असती तर मी पुढची दहा वर्षं अण्णांच्या पसंतीच्या बंदुकीनं चकत्या चुकवत बसले असते.

आता अण्णांबद्दल थोडं. कमळाकर पाटील म्हणजे आमच्या बाजूच्या बैलगाडीच्या शर्यतीतलं मोठं नाव. जमीन विमानतळात गेली, पण बैल नाही गेले. त्यांच्याकडे आजोबांची एक जोडनळीही आहे, शेजारी शेजारी नळ्यांची, शेतात डुकरं येत तेव्हाची. ती दसऱ्याला पुसून, हळदकुंकू लावून परत कपाटात जाते. आणि आमच्याकडे बैल घ्यायचा तर एकट्यानं घ्यायचा नसतो. चार जाणत्यांनी तो चालवून, वळवून, शेपटीपासून शिंगापर्यंत पाहायचा असतो. मग बंदूक काय बैलापेक्षा कमी?

त्यामुळे ज्या रविवारी बंदूकवाला तीन-चार नमुने घेऊन आमच्या क्लबच्या मैदानावर आला, त्या रविवारी पनवेलमागच्या डोंगराच्या पायथ्याशी दोन मोठ्या गाड्या भरून शर्यतीची मंडळीही आली. पांढरे कपडे, डोळ्यांवर काळे चष्मे, आणि आईच्या मांडीवर तांदळाच्या भाकऱ्यांचं गाठोडं. सगळ्यांत पुढे भगवानकाका. अण्णांचा छकडा तेच हाकतात आणि अण्णा जगात फक्त त्यांचं ऐकतात, तेही निम्मं.

बंदूकवाल्यानं टेबलावर चार बंदुका मांडल्या. भगवानकाका हात मागे बांधून त्यांच्याभोवती एक फेरी मारून आले. एकाच लांब नळीची एक होती, तिच्यापाशी थांबले. "ही कनाची?"

"काही लोक ट्रॅपला एकनळी वापरतात," बंदूकवाला म्हणाला.

"एका बैलाचा छकडा कोन पलवतो?" काकांनी ती नजरेनंच बाद केली. मग नव्याकोऱ्या जोडनळीच्या दस्त्यावर थाप मारली, ती जवळजवळ चाटली, आणि अण्णांकडे बघून मान हलवली. उरल्या दोन. दोन्ही वर-खाली नळ्यांच्या, एक तीस इंची, एक बत्तीस इंची. त्या दोघींकडे मंडळींनी पाहिलंच नाही. मी मात्र त्यांच्यावरून नजर काढू शकत नव्हते. सकाळपासून मी तीन वेळा चहा प्यायले होते आणि एकदाही संपवला नव्हता.

"बाय, पयली जोडनळी मार," अण्णा म्हणाले. ठीक आहे म्हटलं. हौस फिटू दे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मैदानावर चकती आवाजावर सुटते. प्रत्येक जागेपाशी जमिनीवर एक छोटा माईक असतो. नेमबाज बंदूक खांद्याला लावतो, "हो" म्हणतो, आणि माईकनं ऐकलं की खंदकातून चकती निघते. म्हणून तिथं सगळे देवळात असल्यासारखे गप्प असतात. आमच्या मंडळींना हे नियाज सरांनी अदबीनं सांगितलं होतं. मंडळींनी माना डोलावल्या होत्या.

मी जोडनळी खांद्याला लावली. अजून श्वास घेतेय, तोच मागून हाळी आली, "चल बाय, उडव!" आणि चकती सुटली. मी बघत राहिले. दुसऱ्या वेळी कुणाला तरी शिंक आली. चकती सुटली. त्यावर अण्णा शिंकणाऱ्यावर ओरडले, तशी तिसरी सुटली. मग चौघं एकमेकांना मोठमोठ्यानं गप्प बसवायला लागले आणि केशरी चकत्या एकामागून एक अशा निघाल्या, की डोंगरावरची माकडंही बघायला बसली असतील. नियाज सर खाली बसले. मला वाटलं त्यांना चक्कर आली. ते हसत होते, डोळे पुसत होते, आणि म्हणत होते, "या अल्ला, तीस वर्षांत असं झालं नव्हतं."

शेवटी आईनं गाठोडं सोडलं आणि एकेकाच्या तोंडात भाकरीचा तुकडा दिला. "चावा," ती म्हणाली. शांतता झाली. तेवढ्या शांततेत मी जोडनळीनं अर्धी फेरी, म्हणजे बारा चकत्या, मारली आणि त्यातल्या जेमतेम तीन फोडल्या. दोन नळ्यांच्या मधून चकती दिसतच नव्हती, आणि दर बाराला बंदूक बाजूला झटका देत होती.

अण्णांनी भाकरी गिळली. "मुद्दाम चुकवतस."

मी वळले. राग माझ्या डोक्यात जायला वेळ लागत नाही, तो तिथंच राहतो. शर्यतीत बैल कसा पळाला हे त्यांना धुळीवरून कळतं. पण मी तीन वर्षं उन्हात उभी राहिले आणि माझं चुकणं खरं की खोटं हे त्यांना कळू नये, याचं मला फार लागलं.

"मंग तुमी मारा," मी म्हटलं. "तुमची जोडी, तुमचा नेम."

मंडळींनी चावणं थांबवलं. अण्णांसारख्या माणसाला असं म्हटल्यावर तो मागे हटत नाही. सरांनी त्यांचं नाव क्लबच्या वहीत चढवलं, कानात बोंडं घातली, उभं कसं राहायचं ते दाखवलं. अण्णांनी जोडनळी उचलली, नेम धरला आणि उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"काय बिगारलं काय हो?" ते म्हणाले. त्यांच्या त्या आवाजावर चकती सुटली आणि निघून गेली.

पुढच्या चकत्यांना त्यांनी बैल हाकायची आरोळी दिली. चकत्या घाबरल्यागत सुटत आणि अण्णा जिथं चकती मघाशी होती तिथं बार काढत. डुकराला मारायची सवय. डुक्कर निदान क्षणभर थांबतं तरी. दहा बार झाले, एकही चकती नाही. अण्णा म्हणाले काडतुसं जुनी आहेत. मग म्हणाले वारा आहे. मग ऊन. आई भाकरीचं फडकं झटकत म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

सरांनी तेव्हा हळूच त्यांच्या हातातली जोडनळी काढून बत्तीस इंची दिली. "एकदा हिलाही बघा, अण्णासाहेब. पट्टीवर नजर ठेवू नका, चकतीवर ठेवा. बंदूक तिच्या मागे मागे जाऊ द्या. इत्मिनानानं."

पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी सरळ निघाली, अण्णांची ती लांब बंदूक तिच्यामागून सावकाश वर गेली, आणि चकती फुटली.

पुढचं सांगताना मला अजून हसू येतं. अण्णांनी बंदूक उघडून सरांच्या हातात दिली, एवढं भान त्यांना राहिलं. मग त्यांनी सरांना मिठी मारली, भगवानकाकांना मिठी मारली, अनोळखी बंदूकवाल्याला मिठी मारली. मंडळी नाचायला लागली, माईकनं सगळं ऐकलं, आणि आमच्या डोक्यावरून फटाक्यांसारख्या चकत्या उडत राहिल्या. आई म्हणाली, "लग्नात पन येवरा हसला नवता." अण्णा माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मीही त्यांच्या गळ्यात पडले. राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही.

"ठरला," अण्णा म्हणाले. "बत्तीसची घ्यायची तुला. लांब ती चांगली. एक नंबर जनावर हाय."

आणि मला माझा राग पुन्हा सापडला.

कारण वर-खाली नळ्यांचं त्यांना पटलं होतं, पण निवडून अजून तेच देत होते. खरं म्हणजे मला बत्तीसच हवीशी वाटत होती, रात्री स्वप्नात तीच यायची, लांबसडक, राजेशाही. पण स्वप्नात बंदूक जड नसते. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "दोन्हींनी एकेक फेरी मार, बेटा. मी काही बोलणार नाही."

आईनं उरलेल्या भाकऱ्या वाटल्या. मी बत्तीसनं पूर्ण पंचवीस चकत्यांची फेरी मारली. ती शांत होती, एकदा निघाली की डगमगत नव्हती. दोन चकत्या गेल्या, बाकी फुटल्या. मग तीसनं मारली. दोन गेल्या, बाकी फुटल्या. मागे सगळे गाल फुगवून चावत होते आणि एकमेकांना बोटांनी आकडे दाखवत होते.

"बराबर झाली," भगवानकाका म्हणाले. "मंग लांबच घ्या."

"तीसची," मी म्हटलं.

अण्णांनी कपाळाला आठी घातली. "सारख्याच फुटल्या की. तीसची कनाला?"

कसं सांगायचं? बत्तीसनं मारताना चकती माझ्यापासून लांब गेल्यावर फुटत होती. दोन-तीन मोठाले तुकडे होऊन खाली पडत होती. आडवी निघाली की बंदूक माझ्याआधी दमत होती आणि मी तिला कमरेतून ओढत होते. तीसनं मारलेली चकती मात्र निघाली न निघाली तोच नाहीशी होत होती, तिथं फक्त काळा धूर राहत होता. गुण दोन्हींना सारखेच. स्पर्धेत तुकड्याला आणि धुराला वेगळं कुणी विचारत नाही. पण शेवटच्या फेरीत, हात थरथरत असताना, मला धूर करणारी बंदूक हवी होती.

हे सगळं मी बोलले, एका दमात, मधे थांबले असते तर रडले असते म्हणून. "बत्तीसची चांगली हाय, अण्णा. पन ती तुमच्या हातात बसते. तुमी उंच, तुमचे हात लांब. माना ती ओढावी लागते. मी तीसनंच जिंकेन, नायतर तीसनंच हरेन. पन हरले तर माझी मी हरेन."

कुणी चावत नव्हतं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या हातातल्या बंदुकीकडे, मग मघाशी चकत्या उडत होत्या तिकडच्या रिकाम्या आभाळाकडे.

"धूर झाला ता मी पन बगितला," ते हळू आवाजात म्हणाले. "माना वाटला काडतुसात दारूच जास्त परली."

मग ते बंदूकवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "तीसची बांदा. पोरीनं पसंत केलीय." हे वाक्य त्यांनी पुन्हा मंडळींना सांगितलं, आणि गाडीत बसायच्या आधी फोनवर कुणा दोघांना सांगितलं. मला इतकं हलकं वाटत होतं, की मी बंदुकीची पेटी उचलून क्लबच्या दारापर्यंत अक्षरशः पळत गेले.

मागे वळून पाहिलं तर अण्णा टेबलापाशीच होते. बत्तीस इंची त्यांनी दोन्ही हातांवर धरली होती आणि बंदूकवाला ती परत मिळायची वाट बघत होता. त्यांनी मला हाक मारली. मी गेले. भगवानकाका शेजारीच उभे होते, पण अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ही मी घेऊ काय गो?" त्यांनी मला विचारलं. "का माजी हौसच हाय नुस्ती? तू सांग."

आयुष्यात पहिल्यांदा अण्णा कुणाला तरी काहीतरी विचारत होते, आणि ते मला विचारत होते. पण मी त्यांचीच मुलगी.

"आता नाय," मी म्हटलं. "आधी सरांची जुनी वापरा. सकाळी सहाला माझ्याबरोबर यायचं, गप्प उभं राहायचं. पावसाळ्यानंतर बगू."

अण्णांनी बंदूक टेबलावर ठेवली. "बरं," ते म्हणाले.