कवळीचा सांधा

रुमालाला चिकटलेला तो गुलाबी तुकडा आधी तिला साबणाचा वाटला – बेसिनच्या कडेला झिजून उरतो तसा. मग त्यावर दात दिसले. दातांच्या मुळाशी चहाच्या रंगाची रेघ, आणि दोन दातांच्या फटीत कालच्या जेवणातलं काहीतरी, वाळून पांढरं पडलेलं. दुसरा तुकडा रुमालाच्या घडीत होता. वडिलांनी खालची कवळी मोडली होती आणि शाळकरी पोराने फुटलेली पाटी दडवावी तशी उशीखाली दडवली होती.

चादर बदलायला आलेली धाकटी रुमाल चिमटीत धरून तशीच उभी राहिली. पोटातून काहीतरी वर आलं, घशाशी थांबलं. तिने ते गिळलं. आई गेल्यापासून रोज सकाळी ही कवळी तीच धुते, तरी किळस काही जुनी होत नाही... रोज नवी कोरी, घडी न मोडलेली.

वडील खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते – म्हणजे तिच्याकडे बघत नव्हते.

"कधी मोडली?"

"मोडली." खालचा ओठ आत गेलेला, त्यामुळे शब्दांना काठच उरला नव्हता. "तू जोड. बादल्या जोडतेश, मिक्शरचं झाकण जोडतेश..."

हे मात्र खरं होतं. घरात प्लास्टिकचं काहीही मोडलं – फ्रिजचा कप्पा, टबचा कान, चष्म्याची काडी – की ते तिच्या टेबलावर येऊन पडायचं. 'चिकटवाबाई' हे नावही वडिलांनीच ठेवलेलं. वकिली सुटली होती; नावं ठेवायची सवय सुटली नव्हती.

तिने दातांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर सोमवारी येणार होते. "घरी काही चिकटवू नका हं ताई," तिथली मुलगी म्हणाली, "तोंडात जातं ते." आणि दादा तर आज संध्याकाळीच येणार होता, त्याच्या मुलीच्या होणाऱ्या सासरच्या माणसांना घेऊन. त्यांना आजोबांना भेटायचं होतं.

"खाणार नाही," वडील म्हणाले. "नुशती तोंडात ठेवीन. दादाशमोर अशा तोंडानं नाही बशणार मी."

दादासमोर नाही. माझ्यासमोर चालतं... माझ्यासमोर काय, भिंतीसमोर काय.

तिने कोमट पाण्यात साबण कालवला, जुन्या ब्रशने तुकडे घासले, फटीतलं ते पांढरं टाचणीने उकरून काढलं. वास सुटला – गोडसर, शिळा, फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो तसा. तुकडे पुसून, वाळवून तिने एकमेकांना भिडवले. जिथे टवका उडाला होता तिथे खायच्या सोड्याची चिमूट टाकली आणि वर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडला. चर्र झालं, धूर निघाला, डोळ्यांना झोंबला. आता दाबून धरायचं, हलवायचं नाही. पण हात अडकले की डोकं मोकाट सुटतं...

– तिच्या ऑफिसात नकाशे काढणारा तो. एकदाच घरी जेवायला आला होता. मनापासून जेवला, मागून घेऊन जेवला. वडील त्याच्याशी मऊ बोलले, त्याला दारापर्यंत पोचवून आले, आणि परत टेबलाशी बसून, एक अक्षर न बोलता त्यांनी त्याच्या जेवण्याची नक्कल केली. डोळे अर्धे मिटलेले, जबडा गोल गोल फिरतोय, ओठाच्या कोपऱ्यात जराशी ओल. दादाला हसता हसता ठसका लागला. आईने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. धाकटी हसली नाही. ती बघत राहिली. पुढे ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला, पहिला घास घेतला, आणि तिला त्याच्या चेहऱ्यावर वडिलांचा जबडा फिरताना दिसला. घशाशी हेच आलं होतं तेव्हा. हेच.

'आमचं जमत आलेलं वडिलांनी मोडलं,' असं ती मैत्रिणींना सांगत आली. पण वडिलांनी 'नाही' कुठे म्हटलं होतं? म्हणायची वेळच आली नाही. त्यानंतर कुणाच्याही समोर बसून तिला जेवता आलं नाही. अजूनही ती ओट्यापाशी उभ्याने, भिंतीकडे तोंड करून चार घास पोटात ढकलते. म्हणजे ही किळस माझी नव्हतीच... त्यांनी वाढली, आणि मी मुकाट्याने, पानात काही न टाकता संपवली.

बोटं दुखायला लागली तेव्हा तिला कळलं, सांधा कधीचाच धरला होता. बारीक पॉलिश पेपरने तिने तो घासला. गुलाबी भुकटी बोटांवर बसली, नाकात गेली. कपाची कड असती तर टोचते का ते तिने ओठाला लावून बघितलं असतं; ही नाही लावली.

वडिलांनी ती आधी स्वतःच बसवून पाहिली. कवळी दोनदा तिरकी बसली, तेव्हा त्यांनी ती तिच्यापुढे धरली. "तूच बशव." आणि तोंड उघडलं.

हे ती आजवर टाळत आली होती. तिने श्वास रोखला, बोटं आत घातली. हिरडी गरम होती, गुळगुळीत, आतल्या बाजूला लाळेने ओली. जीभ बाजूला सरकली – जिन्यात समोरून कुणी आलं की आपण अंग चोरतो तशी. तिने अंगठ्याने दाबलं. एवढ्या जवळून वडील तिचा चेहरा बघत होते, पापणी न हलवता, साक्षीदाराकडे बघावं तसे.

कवळी बसली. शब्दांना काठ आले.

"तुला किळस येते."

तो प्रश्न नव्हता.

"येते," ती म्हणाली, आणि वाट बघत राहिली – आता येईल ते वाक्य, वस्तऱ्यासारखं.

त्यांनी जबडा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, दात दातांवर टेकवून पाहिले.

"मलाही येते," ते म्हणाले. "रात्री ही काढली की आरशापुढे जात नाही मी. दिवा घालवून चूळ भरतो."

खाली गाडी थांबली. जिन्यावर दादाचा मोठा आवाज, मागोमाग परक्या माणसांचं बेताचं हसणं. वडिलांनी कॉलर सरळ केली, मान ताठ केली. "हात धू आधी," ते म्हणाले – जुन्याच आवाजात.

ती बेसिनपाशी गेली, पण नळ उघडला नाही. बोटं ओली होती, त्यावर गुलाबी भुकटीचा चिखल. तिला वाटलं होतं, कणव येईल. निदान जिंकल्यासारखं तरी वाटेल. तसलं काहीच आलं नाही. किळस होती – पुरती, जागच्या जागी, घशाशी. फक्त आता ती नेमकी कुणाची आणि कशाबद्दलची, हे तिला काही केल्या सापडेना. आणि ते सापडेपर्यंत हात धुवावेत की नाही, तेही...