टाकीमागची शेवंती

बाबाच्या काळ्या मांडवापुढे फूलबागायतदारांची अख्खी गल्ली लोटली होती. हंगामाला दोन महिने असताना बाबानं मांडवात शेवंती फुलवून दाखवली, तेव्हापासून शहाणीसुरती माणसंही त्याच्या पायांवर लोळत होती. आता हंगाम आला, सगळ्यांचे वाफे पिवळे झाले. एकट्या वायरमनच्या वहिनीच्या रोपांवर कळी म्हणून नव्हती. आणि मांडवात काय आहे ते बघू द्या, असं बाबाला तोंडावर म्हणणारीही ती एकटीच!

"हिच्या नजरेनं फुलं जळतात," बाबा गरजला. "फुलं झाली, आता लेकरं! वायरमन, तुझी पोरगी तापानं फणफणलीय ना?"

वायरमनचं डोकं फिरलं. आईच्या माघारी याच वहिनीनं त्याला लहानाचं मोठं केलं होतं. पण भ्यालेल्या माणसाला जनावर व्हायला वेळ लागत नाही. त्यानं तिला केस धरून समोरच्याच तिच्या वाफ्यात ओढलं आणि हातातला पाना तिच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज त्यानं ऐकला. मग कुणी लाथा घातल्या, कुणी कुंड्या फेकल्या.

"भाऊजी, अहो मी आहे!" ती किंचाळली.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई गर्दीत घुसल्या. एक दगड त्यांच्या कपाळावर बसला. रक्त पुसायलाही त्या थांबल्या नाहीत.

"आधी टाकीमागे बघा, मूर्खांनो!"

पाण्याच्या टाकीमागची वहिनीचीच ओळ फुलांनी लगडली होती.

"नजर काय टाकीला अडली?" बाई कडाडल्या. "शेवंतीचं पान रात्र मोजतं. त्याच्या आत घड्याळ असतं. रात्र पुरेशी लांबली की पानातलं एक जनुक जागं होतं आणि शेंड्याला फुलायचा निरोप धाडतं. खांबावरचा हा दिवा रात्रभर जळतो, मग पानाला रात्र कळणार कशी? टाकीमागे तेवढा अंधार पडतो." त्यांनी मांडवाचं कापड टराटरा फाडलं. "आणि हा भोंदू दिवसाउजेडी कुंड्यांवर पडदा ओढून लांब रात्र बनवतो!"

बाबानं पळ काढला. लोक दगड घेऊन त्याच्यामागे धावले.

"खबरदार! त्याला पोलिसांत द्या. हात पुरे झाले, आता डोकं चालवा. आणि पोरीला डॉक्टरकडे न्या," बाई म्हणाल्या. "मारण्याआधी एकदा कारण शोधायला काय झालं होतं तुम्हाला?"

वायरमन खांबाकडे बघत होता. वहिनी एकटी राहते, चोराचिलटाची भीती नको, म्हणून तो दिवा त्यानंच हौसेनं बसवला होता. तिला उठवायला त्यानं हात पुढे केला.

वहिनीनं मोडक्या मनगटासकट दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.